जी४१ बोर्डावर ४ जीबीची रॅम टाकली की स्क्रीनच येत नाही, दुसऱ्या मशीनवर तीच रॅम मस्त चालते

केंद्रवाला_नेर:

राम राम मंडळी. नेर तालुक्यातल्या एका खेड्यात माहं सेवा केंद्र आहे. सातबारा, दाखल्यांचे अर्ज, पीएम किसानची केवायसी, पोट्ट्यांचे स्कॉलरशिपचे फॉर्म, सगळं एकाच मशीनवर चालते. मशीन म्हणजे जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ ई७५०० प्रोसेसर, डीडीआर३चे दोन स्लॉट, दोन्हीत २-२ जीबीची रॅम, विंडोज ७. एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासमधून जुनी उचलली होती, पण इमानदारीनं चालली.

आता मात्र ब्राउझरमध्ये पोर्टल, बाजूला अंगठ्याच्या मशीनचं सॉफ्टवेअर, एखादी पीडीएफ अन् वरून व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं की माउसचा बाण जागेवरच थिजते. हार्डडिस्कचा लाल लाइट पेटला की पेटलाच. समोरचा म्हातारा अंगठा लावून बसलेला असते, तोवर ओटीपीची मुदत संपते, मंग पुन्हा पहिल्यापासून. पीक विम्याच्या दिवसांत लोकं सकाळी सातलाच चप्पल ठेवून नंबर लावतात. त्यांना काय सांगू, मशीन इचार करून रायली म्हणून?

म्हणून ऑनलाइन ४-४ जीबीच्या दोन रॅम मागवल्या. डीडीआर३, १६०० मेगाहर्ट्झ. बोर्डाच्या पुस्तकात साफ लिहिलं आहे की ८ जीबीपर्यंत चालते. पण नव्या टाकल्या की पंखा फिरते, लाइट लागते, स्क्रीन काळीच. अन् आतून लांब बीप, थांबून पुन्हा लांब बीप. एकच टाकून पाह्यली, या स्लॉटात, त्या स्लॉटात, तेच रडगाणं. जुन्या २-२ परत लावल्या की मशीन जशीच्या तशी सुरू.

तालुक्याच्या एका दुकानवाल्यानं पाह्यलं न पाह्यलं अन् सांगतलं, बोर्ड गेला, नवा सेट घ्या. गावातल्या मास्तरांच्या घरी एच६१ बोर्डाचा कॉम्प्युटर आहे, तिथं याच दोन रॅम लावल्या तर पुरे ८ जीबी दाखवले. म्हणजे रॅम खराब नाही. मंग बोर्ड खरंच गेला का? गेला तर जुन्या रॅमवर चालते कसा?


पोट्टा_यवतमाळचा:

भाऊ, रॅमच्या पिवळ्या दातांवर खोडरबर फिरवा, साधा पांढरा, शाईचा नको. मंग बोर्डावरचा गोल सेल काढून ठेवा पाच-दहा मिनिटं, वायर काढून. बायोस, म्हणजे बोर्डाचं सुरुवातीचं सेटिंग, रिसेट होते. माझं दर वेळी याच्यानंच जमते.


केंद्रवाला_नेर:

ते सगळं करून झालं राजा. सेल तर नवाच टाकला. फरक नाही.


दारव्हा_रिपेअर:

भाऊ, तुमचा बोर्डही ठणठणीत आहे आणि रॅमही ठणठणीत आहे. त्या दोघांचं एकमेकांशी जमत नाही, एवढाच मामला. नवा सेट घ्यायचा विचार तूर्तास खुंटीला टांगा.

नवी रॅम हातात घ्या आणि तिच्यावरच्या काळ्या चिपा मोजा, दोन्ही बाजूंच्या. माझा अंदाज असा की एका बाजूला आठ असतील आणि दुसरी बाजू सपाट. स्टिकरवर बारीक अक्षरांत १आरएक्स८ लिहिलेलं असेल. तसं असेल तर ती रॅम जी४१वर चालणार नाही. खोडरबर झिजवा नाहीतर सेल बदला, काही होणार नाही.

जी४१ हा २००८चा चिपसेट, म्हणजे बोर्डाचा कारभार पाहणारी चिप. डीडीआर३ तेव्हा नवी नवी होती आणि एकेक चिप १ किंवा २ गिगाबिटची असायची. गिगाबिट म्हणतोय, गिगाबाइट नाही. आठ गिगाबिट मिळून एक गिगाबाइट होतो. ४ जीबीची रॅम म्हणजे ३२ गिगाबिट, ती २ गिगाबिटच्या चिपांनी बनवायची तर सोळा चिपा लागतात, आठ पुढे, आठ मागे. पुढे ४ गिगाबिटची चिप आली आणि तेवढीच रॅम आठ चिपांत बसू लागली. बनवणाऱ्याला स्वस्त, विकणाऱ्याला काही फरक नाही, स्टिकरवर ४ जीबी ते ४ जीबीच.

फरक बोर्डाला पडतो. चिपच्या आत कप्पे ओळींनी मांडलेले असतात आणि ओळ निवडायला पत्त्याच्या तारा लागतात. २ गिगाबिटच्या चिपेला पंधरा तारा पुरतात, ४ गिगाबिटच्या चिपेला सोळावी लागते. जी४१च्या मेमरी कंट्रोलरला, म्हणजे रॅम सांभाळणाऱ्या भागाला, पंधराच आहेत. सोळावी नाही म्हटल्यावर तो अशी रॅम एकतर अर्धीच पाहतो, नाहीतर पाहतच नाही आणि बीप मारत बसतो. हा कंट्रोलर प्रोसेसरमध्ये नाही. बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी तो छोटा अ‍ॅल्युमिनियमचा हीटसिंक दिसतो ना, त्याच्याखालच्या चिपेत आहे. म्हणून बायोस अपडेट करूनही काही होत नाही. मास्तरांचा एच६१ हा २०११चा, तिथं कंट्रोलर प्रोसेसरमध्ये गेला आणि त्याला ४ गिगाबिटच्या चिपा कळतात. तुमच्या त्याच रॅम तिथं पळाल्या त्या यामुळे.

आणि बीप येतोय ही चांगली खूण आहे. बोर्ड खरंच मेला असता तर बीपही आला नसता. खात्री करायची तर सगळ्या रॅम काढून मशीन चालू करा. तोच बीप येईल. त्याचा अर्थ बोर्ड सांगतोय, मला कामाची रॅम द्या.

तुम्हाला हवी ती अशी: ४ जीबी, डीडीआर३, स्टिकरवर २आरएक्स८, दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपा, पीसी३-१०६००यू किंवा पीसी३-८५००यू. पहिली म्हणजे १३३३ची, दुसरी १०६६ची. शेवटचं अक्षर यू पाहिजे. आर किंवा ई असेल तर ती सर्व्हरची. तिची खाच तुमच्याच जागी असते, स्लॉटात बसतेही मजेत, पण आरवाली चालत नाही आणि ईवालीचा भरवसा नाही. एका बाजूला आठऐवजी नऊ चिपा दिसल्या तरी सर्व्हरचीच समजायची.


केंद्रवाला_नेर:

दारव्हावाले भाऊ, तुम्ही तर घरी येऊन पाहून गेल्यासारखं सांगतलं. एका बाजूला आठच आहेत, मागं कोरी पाटी. १आरएक्स८च लिहिलं आहे, अन् पुढं पीसी३एल. हा एल काय भानगड आहे? व्होल्टेज कमी लागते म्हणे, त्याच्यामुळं तर नाही होत?

अन् एक इचारायचं रायलं. माह्या जुन्या २ जीबीच्या रॅमवरही आठच चिपा आहेत, एकाच बाजूला. त्या कशा चालून रायल्या मंग?


दारव्हा_रिपेअर:

चांगलं पकडलं. २ जीबी म्हणजे १६ गिगाबिट, आठ चिपांत वाटले तर एकेक २ गिगाबिटची. बोर्डाच्या आवाक्यातली. म्हणून नुसत्या चिपा मोजून भागत नाही, रॅमचे जीबी त्यांच्यात वाटून पाहायचे. एका चिपेच्या वाट्याला २ गिगाबिटपेक्षा जास्त आले की जी४१वर नको.

एल म्हणजे १.३५ व्होल्टवर चालणारी. साधी डीडीआर३ १.५ व्होल्टची. पण एलवाली १.५वरही चालावी असाच नियम आहे, त्यामुळे व्होल्टेजनं तुमचं काही अडलेलं नाही. अडलंय चिपांनीच, कारण एलवाल्या रॅम नंतरच्या काळातल्या, त्यात ४ गिगाबिटच्याच चिपा जास्त सापडतात. जुन्या बोर्डासाठी एल दिसली की मी हातच लावत नाही.

आता मला एक सांगा. माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये इन्स्टॉल्ड मेमरीसमोर काय लिहून येतं?


केंद्रवाला_नेर:

४.०० जीबी, कंसात ३.२४ जीबी यूजेबल. खाली ३२-बिट ऑपरेटिंग सिस्टीम.


दारव्हा_रिपेअर:

घ्या. मला हीच शंका होती. ८ जीबी टाकली असती तरी तिथं ३.२४च राहिलं असतं.

३२-बिट विंडोज ७ला एकूण ४ जीबीपर्यंतच पत्ते देता येतात. त्यातलाही वरचा भाग ग्राफिक्स आणि बोर्डावरची बाकीची उपकरणं घेऊन बसतात, म्हणून तुम्हाला सव्वातीन दिसतात. आज तुमच्याकडे रॅम ४ आहे आणि वापरात सव्वातीन. म्हणजे आधी ६४-बिट विंडोज, मग रॅम. उलटं कराल तर पैसे पाण्यात. ई७५०० हा ६४-बिट प्रोसेसर आहे, ती चिंता नको.

विंडोज ७ तसंही सोडाच. त्याचे अपडेट १४ जानेवारी २०२० पासून बंद आहेत, आणि क्रोमची १०९ ही विंडोज ७वर चालणारी शेवटची आवृत्ती. पोर्टल अधूनमधून उघडतच नाही, बटण दाबलं तर काहीच होत नाही, असं तुमच्याकडे होत असणार. त्यात रॅमचा दोष नाही. विंडोज १० चं ६४-बिट टाका. त्याचेही नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले हे खरं, पण या मशीनवर विंडोज ११ चा नादच नको. टीपीएम, म्हणजे सुरक्षेची चिप, वगैरे जाऊ द्या, कोअर टू ड्युओला पॉपसीएनटी ही प्रोसेसरची आज्ञाच कळत नाही, नव्या विंडोज ११ला ती लागतेच.

फॉरमॅट करायच्या आधी अंगठ्याच्या मशीनचा ६४-बिट ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (आधारसाठी लागणारं त्या मशीनचं सॉफ्टवेअर) पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. एवढं विसरलात तर केंद्र दोन दिवस बंद ठेवून बसावं लागेल. प्रिंटरचाही बघा.


आर्वी_लिनक्सवाला:

मी मधे बोलतो. एवढा खटाटोप रॅमसाठी कशाला? लाल लाइट पेटून राहते म्हणजे हार्डडिस्क दमली आहे. एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांची वेगवान डिस्क, टाका, ४ जीबीतही मशीन उडेल. आमच्या ग्रामपंचायतीतल्या अशाच डबड्याला मी एसएसडी लावून लिनक्स मिंट टाकलं, ऑपरेटर आता तक्रार करत नाही.


दारव्हा_रिपेअर:

आर्वीकर, एसएसडीला माझी ना नाही. जी४१सोबत डिस्क सांभाळणारी आयसीएच७ चिप येते, तिच्यात एएचसीआय हा डिस्कचा नवा वेगवान मोड नाही, म्हणून एसएसडी जुन्या आयडीई मोडमध्येच चालवावी लागते. तरी हार्डडिस्कपेक्षा जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पण यांना चार गोष्टी एका वेळी उघड्या ठेवायच्या आहेत. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर उतरतं, मग लाइट पेटलेलाच राहणार. ती डिस्क एसएसडी असली तरी तिला दिवसभर तेच काम. आणि लिनक्सचं म्हणाल तर अंगठ्याच्या मशीनची आरडी सर्व्हिस यांना विंडोजवरच चालवायची आहे, ग्रामपंचायतीचं काम वेगळं. विंडोज नव्यानं टाकायचंच आहे तर एसएसडीवरच टाकावं, तिथं तुमचं पटलं.


वरोरा_डीटीपी:

नेरवाले दादा, मी वरोऱ्याला डीटीपीचं काम करते, माझ्याकडेही जी४१ आहे आणि ८ जीबीवर चालतोय. दारव्हावाल्या दादांनी सांगितलं ते सगळं बरोबर, पण सोळा चिपा दिसल्या म्हणून लगेच पैसे देऊ नका. बाजारात "ओन्ली फॉर एएमडी" म्हणून स्वस्त रॅम मिळते. तिच्यावरही दोन्ही बाजू भरलेल्या, सोळाच चिपा. पण त्या चिपा वेगळ्या बांधणीच्या, २आरएक्स८ मधल्या एक्स८ नव्हे, एक्स४ प्रकारच्या. एएमडीच्या बोर्डावर चालते, इंटेलच्या या बोर्डांवर नाही. ऑनलाइनवाले हे वाक्य पार खाली बारीक अक्षरात लिहितात, आणि काही जण लिहीतही नाहीत.

मी असं करते. दुकानदाराला आधी व्हॉट्सअ‍ॅपवर दोन्ही बाजूंचा फोटो मागते. स्टिकर वाचता आलं पाहिजे. नागपूरला बर्डीत किंवा अमरावतीला जुन्या मालाची दुकानं आहेत, तिथं ऑफिसांतून निघालेल्या जुन्या ब्रँडेड मशीनच्या रॅम मिळतात. त्यात १०६००यू, २आरएक्स८ हमखास सापडते. नवी कोरी शोधत बसू नका, त्या जातीची आता जुनीच मिळते. जमलं तर आपला सीपीयू पिशवीत घालून घेऊन जा आणि तिथेच लावून बघा. दुकानदार कुरकुर करतो, करू द्या.

आणि तुमचा कूलर कुठे ठेवता? उन्हाळ्यात विचारावंच लागतं. आमच्याकडे कूलरचा वारा थेट सीपीयूच्या तोंडावर यायचा. लोकांना थंड वाटावं म्हणून पोरानं तसा फिरवून ठेवला होता. एकदा मशीन सुरू होईना म्हणून उघडली तर रॅमच्या दातांवर काळपट थर, स्लॉटाच्या टोकाशी हिरवट. खिडकीतून येणारी कापसाची पिंजण हीटसिंकवर अशी बसली होती की पातं दिसेना. ब्रशनं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ केलं, कूलर दुसऱ्या भिंतीला नेला. स्लॉटात काडी, सुई काही घालू नका, आतली पिन वाकली तर स्लॉट गेलाच. आणि रॅम काढताना वायर काढून स्टार्टचं बटण थोडा वेळ दाबून धरा, आत उरलेला करंट निघून जातो.


पोट्टा_यवतमाळचा:

म्हणजे माहं खोडरबर बरोबरच होतं!


वरोरा_डीटीपी:

हो रे बाबा, पण त्याचा चुरा स्लॉटात पाडू नको.


केंद्रवाला_नेर:

सगळ्यांना सांगतो, काम झालं. अमरावतीला एका जुन्या मालाच्या दुकानात गेलो, ताईंनी सांगतल्यासारखा सीपीयू पिशवीत घालून. एसटीत कंडक्टरनं इचारलं, पिशवीत काय आहे म्हणून, सांगतलं तर म्हणे मले पण पोराचा फॉर्म भरायचा आहे. दुकानवाल्यानं आधी मला आठ चिपावालीच काढून दिली, म्हणे ४ जीबी म्हणजे ४ जीबी. मी म्हटलं, साहेब, पलटवून दाखवा. मंग मागच्या डब्यात हात घालून दोन काढल्या, २आरएक्स८, १०६००यू. तिथंच लावल्या, पहिल्याच बटणाला स्क्रीन आली.

ऑनलाइनवाल्याची परत करायची मुदत निघून गेली होती, पण गावच्या मास्तरांनी त्या दोन्ही एच६१साठी ठेवून घेतल्या, थोडे पैसे तोडून. विंडोज १० चं ६४-बिट टाकलं, एसएसडीवरच. आरडी सर्व्हिस आधीच उतरवून ठेवली होती, म्हणून अंगठ्याची मशीन लगेच लागली. पोर्टल अन् पीडीएफ अन् व्हॉट्सअ‍ॅप सगळं उघडून ठेवलं, बाण थिजत नाही.

एकच शंका. मशीनची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेड प्रोग्रॅममध्ये मेमरीच्या पानावर डीरॅम फ्रिक्वेन्सी ५३३ दाखवते. मी तर १३३३ची घेतली. फसवलं का मला?


दारव्हा_रिपेअर:

नाही फसवलं. डीडीआर एका ठोक्याला दोनदा डेटा उचलते, म्हणून ५३३ची दुप्पट १०६६ धरायची. तुमच्या ई७५००चा एफएसबीच, म्हणजे प्रोसेसर आणि चिपसेटमधल्या वाटेचा वेगच, १०६६चा, आणि जी४१ डीडीआर३साठी तेवढाच वेग धरतो. १३३३ची रॅम खाली उतरून १०६६वर चालतेय. काही बिघडत नाही.

आता एक रात्र मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवरून चालवा. जुन्या मालाची रॅम आहे, सुरू झाली म्हणजे निर्दोष असं नाही. निदान एक पूर्ण फेरी होऊ द्या, तासाच्या वर वेळ लागतो. लाइन गेली तर पुन्हा पहिल्यापासून, त्यामुळे यूपीएसवर घ्या. लाल रंगात एकही ओळ आली तर एकेक रॅम वेगळी तपासा आणि खराब निघेल ती दुकानवाल्याला परत करा. बदलून मिळेपर्यंत तिच्या जागी जुनी २ जीबी लावली तर ६ जीबीवरही मशीन चालते. आणि बोर्ड उघडलाच आहे तर प्रोसेसरजवळचे कॅपॅसिटर बघून घ्या, डोकं फुगलेलं किंवा वर तपकिरी डाग असेल तर आत्ताच बदलून टाका. फुगलेले असतील तर रॅम बदलून बदलून थकाल आणि कारण सापडणार नाही.


केंद्रवाला_नेर:

रात्रभर लावली होती मेमटेस्ट, सकाळी पास लिहून आलं. कॅपॅसिटर सगळे सपाट आहेत.


पोट्टा_यवतमाळचा:

भाऊ, तुमच्या जुन्या २-२ जीबीच्या रॅम रिकाम्याच पडल्या असतील ना? माझ्याकडे जी३१ बोर्ड आहे, त्याला दोन्ही घेतो. इतवारी नेरला येणंच आहे.


दारव्हा_रिपेअर:

पोट्ट्या, थांब. जी३१ला डीडीआर२ लागते. पिना दोन्हीच्या २४०च, पण खाच वेगळ्या जागी. स्लॉटात बसत नाही म्हणून जोर लावशील आणि खोडरबरही कामी येणार नाही. आधी आपली रॅम काढून तिचं स्टिकर वाच, मग बोल.


पोट्टा_यवतमाळचा:

वाचलं. डीडीआर२, पीसी२-६४०० लिहिलं आहे. कोणाकडे आहे का मंग डीडीआर२? २ जीबीची पायजे.


वरोरा_डीटीपी:

एक आहे माझ्याकडे, चालू स्थितीत. दोन्ही बाजूंचा फोटो टाकते.